करटुलीचा कंद अजून तिथेच असेल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही पुण्यात राहता. दीड वर्षापूर्वी वडील गेले. तेव्हापासून देवघरात बसलं तरी मन लागत नाही, ध्यानाच्या वर्गाला जाऊन पाहिलं, तिथेही जमलं नाही. पण पावसाळ्यात वेताळ टेकडीवर चालताना किंवा भोरकडच्या गावी बांधावर उभं राहिलं, की रानटी झाडाझुडपांपाशी आतून काहीतरी स्थिर होतं. तुम्ही विचारलंय, ह्याला अध्यात्म म्हणायचं का? मन भरून येतं, पण ती कृतज्ञता व्यक्त करायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि सुरुवात कुठून करायची? शिवाय जाता जाता एक वाक्य लिहिलंय, की वडील दर श्रावणात गावाहून पिशवीभर करटुली, ती रानवेलीची फळभाजी, आणायचे.

माझ्या मते तुमचं उत्तर त्या करटुलीत आहे. पण तिथवर यायला मला थोडा वळसा घ्यावा लागेल.

मी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला राहते. वनस्पतीशास्त्र शिकले, बरीच वर्षं शिकवलं. १९९८ पासून आसपासच्या ठाकरवाड्या-कातकरवाड्यांतल्या बायकांबरोबर पावसाळाभर रानात जाते. कॉलेजात मी पानांची मांडणी, फुलांचे भाग, कुळं शिकले. रानात कसं वागायचं ते ह्या बायकांनी शिकवलं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दुसऱ्या शिक्षणातून द्यायचं आहे.

‘कृतज्ञता’ हा शब्द मला वाडीत कधी ऐकू आला नाही. तिथे ऐकू येतो तो ‘मान’. रानाचा मान, पावसाचा मान, पहिल्या भाजीचा मान. मान नुसता मनात ठेवून भागत नाही. तो द्यावा लागतो, राखावा लागतो. म्हणजे काहीतरी करावं लागतं, आणि काहीतरी करायचं टाळावं लागतं. तुमच्या मनात जे दाटून येतं ते खरंच आहे, त्याबद्दल शंका घेऊ नका. पण ते दाटून येणं ही सुरुवात आहे. त्याला मानाची रीत मिळाली नाही तर ते पुढच्या ट्रेकपर्यंत विरून जातं आणि आपण पुन्हा तीच ओढ घेऊन निघतो.

ही रीत मी पहिल्यांदा पाहिली ती शेवळांच्या दिवसांत. तुमच्या घाटमाथ्यावर शेवळांचं फारसं अप्रूप नसेल. ठाणे, पालघर, रायगडात मात्र मे संपताना, पहिले दोन-चार पाऊस झाले की लोक शेवळांची वाट बघतात. शेवळा म्हणजे सुरणाचा रानटी भाऊबंद. पावसाळा सोडला तर कंद जमिनीखाली झोपलेला असतो. पाऊस पडला की पानाच्याही आधी त्याचा फुलोरा जमिनीतून वर येतो, तपकिरी-जांभळट आवरणात गुंडाळलेला. पान येतं नंतर. हा फुलोरा म्हणजेच भाजी, आणि ती मिळते फार तर तीन-चार आठवडे.

मी वाडीतल्या एका आजीबरोबर गेले होते. ओढ्याच्या वरच्या अंगाला, पालापाचोळ्यातून वर आलेली पाच-सहा शेवळं मला दिसली आणि मी वाकले. आजीने हाताला धरून थांबवलं. म्हणाली, “पहिलं दिसलं त्याला हात नाय लावायचा. ते रानाचं.” आम्ही पुढे गेलो. दुसऱ्या जागी तिने मोजकी घेतली, तिथलीही लहान आणि कोपऱ्यातली ठेवली. परतताना वाटेवर शेंदूर फासलेला एक दगड आहे, तिथे तिने दोन शेवळं ठेवली, क्षणभर उभी राहिली आणि चालू लागली. डोळे मिटणं नाही, पुटपुटणं नाही.

मी तेव्हा लगेच मनात हिशेब मांडला. पहिला झुबका वाटेच्या जवळ असतो, म्हणून तो सगळ्यांनाच दिसतो. प्रत्येकाने तो कापला तर तिथे बी धरायला एकही फुलोरा राहणार नाही. तेव्हा ही रीत म्हणजे बियाण्याची राखण. हिशेब चूक नव्हता. पण आजी त्या हिशेबासाठी थांबली नव्हती. तिच्या लेखी रान हे कुणीतरी आहे, आणि त्याच्या घरात शिरल्यावर समोर दिसलेल्या पहिल्या ताटात हात घालायचा नसतो. एवढं समजायला मला अनेक पावसाळे लागले. तुम्ही अध्यात्म म्हणायचं का असं विचारता. मी म्हणेन, समोरचं झाड ‘काहीतरी’ न राहता ‘कुणीतरी’ होतं, त्या क्षणापासून म्हणावं.

शेवळा घरी आणल्यावर पुढचा पाठ सुरू होतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते घशात टोचतात. म्हणून वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, राहिलेलं बारीक चिरायचं आणि काकडांबरोबर शिजवायचं. ही काकडं म्हणजे आपल्या कोशिंबिरीची काकडी नव्हे. काकड नावाच्या रानझाडाची आवळ्याएवढी आंबट फळं, शेवळांच्याच दिवसांत बाजारात येतात आणि टोपलीत शेवळांच्या शेजारीच मांडलेली असतात. ती नसली तर चिंच किंवा कोकम. एक जुडी निवडायला अर्धा तास सहज जातो, आणि त्या अर्ध्या तासात मन दुसरीकडे गेलं तर रात्री घरातल्या सगळ्यांचा घसा खवखवतो. माझी आई शेवळं निवडायला बसली की बोलत नसे. ती गेली त्या वर्षी जूनमध्ये मी एकटी पाट मांडून बसले. तीच सोलण्याची पद्धत, तेच पिवळं बाजूला काढणं. त्या वेळी मला जे मिळालं ते त्याआधी कुठल्याही आसनावर बसून मिळालं नव्हतं. तुमचं मन ध्यानाच्या वर्गात लागलं नाही ह्याचं वाईट वाटून घेऊ नका. काही जणांचं मन हातांतून जागेवर येतं.

एक चूकही सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय माझं बाकीचं बोलणं अर्धवट राहील. बऱ्याच वर्षांपूर्वी मी तीसेक विद्यार्थ्यांना फोडशी दाखवायला घेऊन गेले. फोडशी म्हणजेच कुलू किंवा कोळीची भाजी, पातीसारख्या लांब पानांची, जूनच्या सुरुवातीला सगळा उतार हिरवा करणारी. मुसळी कुळातली ही वनस्पती, खाली कंद असतात. मी ओळख सांगितली, चव सांगितली, औषधी उपयोग सांगितले आणि ‘घ्या थोडी थोडी’ म्हटलं. कसं घ्यायचं ते सांगायचं राहिलं. पोरांनी मुळासकट उपटली. तीस जणांची थोडी थोडी किती होते ते पुढच्या जूनमध्ये त्या उताराकडे पाहून कळलं. जिथे हिरवी साय असायची तिथे लाल माती. पानं जमिनीलगत खुडली असती तर कंदातून पुन्हा फुटली असती. त्यानंतर सहा पावसाळे आम्ही त्या उतारावरून एक पान घेतलं नाही. आता तिथे पुन्हा येते, पूर्वीइतकी नाही. त्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या मनात रानाबद्दल प्रेमच होतं. प्रेम होतं, मान नव्हता.

आपल्या परंपरेत ह्या मानाच्या खुणा जागोजागी आहेत, फक्त शहरात त्यांचं मूळ दिसेनासं झालंय. जुने वैद्य आणि वैदू औषधी मुळी आणायच्या आदल्या दिवशी झाडाला आमंत्रण देऊन येत. अक्षता ठेवायच्या, उद्या तुला न्यायला येतो म्हणून सांगायचं आणि परत फिरायचं. एक रात्र मध्ये ठेवायची. त्या एका रात्रीत कितीतरी अनावश्यक तोड टळत असेल. सूर्य मावळल्यावर झाडाला हात लावू नये, झाडं झोपलेली असतात, हे तुम्हीही लहानपणी ऐकलं असेल. कधी संध्याकाळी टाकळ्यापाशी उभ्या राहा. दिवसभर पसरलेली त्याची पानं अंधार पडताना जोडीजोडीने मिटतात. लहानपणी ऐकलेल्या त्या वाक्यामागे डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी होतं.

गडचिरोलीकडे माडिया गोंडांचे पंडुम, म्हणजे नव्या हंगामाचे सण, असतात. गावाने मिळून पंडुम केल्याशिवाय नव्या हंगामाचं फळ-फूल खायचं नाही. आंबे झाडाला लागलेले दिसतात, पोरं मान वर करून बघतात, पण आधी देवाला आणि पूर्वजांना. इकडे पालघर-जव्हारच्या वारली पाड्यांवरही पावसाळ्यातली पहिली कोवळी भाजी आधी देवापुढे ठेवतात आणि मग चुलीवर चढते. सगळीकडे गोष्ट एकच. मिळण्याच्या आणि खाण्याच्या मधे एक थांबा.

आपल्या घरातली ऋषिपंचमी आठवा. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही. जे आपोआप उगवलं किंवा परसात हाताने लावलं तेच ताटात. माझ्या आजोळी त्या दिवशी देवभात शिजायचा, पाणथळ जागी आपोआप येणारा रानटी तांदूळ. ऋषीची भाजी आता मंडईत एकत्र चिरून मिळते, आणि त्यात काय काय आहे हे घेणारीला माहीत नसतं. वर्षातला एक दिवस आपण पेरणाऱ्याशिवाय, नांगराशिवाय काय खाऊ शकतो ह्याची आठवण ठेवायची, हा त्या व्रतातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग आहे. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस बैलाचं ऋण आपण घेतोच.

आणि पत्री. गणपतीच्या एकवीस पत्री, हरतालिकेच्या सोळा. ती यादी एकदा नीट वाचा. बेल, शमी, अर्जुन, पिंपळ ही झाडं आहेत, पण आघाडा, माका, डोरली, धोत्रा, रुई, विष्णुक्रांता, दूर्वा? ही कुणी बागेत लावत नाही. बांधावर, पडीक जमिनीवर, गावाच्या कडेला ती आपापली येतात. ज्यांना आपण तण म्हणून उपटून टाकतो त्यांना देवाच्या माथ्यावर जागा आहे. विष्णुक्रांता तर जमिनीला चिकटून वाढते, नखाएवढं निळं फूल, सकाळी उमललेलं दिसतं. ती शोधायला उकिडवं बसावं लागतं. पूजेच्या आदल्या दिवशी घराबाहेर पडून, वाकून, एकेकीला ओळखून आणायचं, हा त्या पूजेचा पहिला अर्धा भाग होता असं मी मानते. आता रबर लावलेला जुडगा मिळतो, त्यात भलतीच पानं असतात, आणि विसर्जनानंतर ढिगाने कचऱ्यात जातात. येत्या गणपतीत तुम्ही एकवीस आणू नका. पाचच आणा, पण स्वतः ओळखून. जी भरपूर दिसते तिचंच एक पान. जी एकटी दिसली तिला नुसता नमस्कार करा. देवापुढे नाव घेतलं तरी पोचतं.

आता टेकडीवरची सुरुवात. एकच वनस्पती धरा, एका ठरलेल्या जागी, आणि वर्षभर तिच्याकडे जा. मी टाकळा सुचवेन, तुमच्याकडे काहीजण त्याला तरोटाही म्हणत असतील. जूनमध्ये उगवतो तेव्हा दाट गालिचा असतो, कोवळा पाला ह्याच वेळी भाजीला घेतात. जुलैअखेर गुडघाभर होतो. भाद्रपदात पिवळी फुलं, मग विळ्यासारख्या वाकलेल्या लांब शेंगा, आणि थंडीत नुसत्या खडखडणाऱ्या काड्या. बहुतेक लोक पहिल्या महिन्यानंतर त्याच्याकडे बघत नाहीत. तुम्ही बघा. आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं, वहीत दोन ओळी. फोटो काढला तरी चालेल, पण आधी डोळ्यांनी बघून लिहा आणि मग काढा. फोनवरच्या ॲपला नाव विचारायची घाई नको. चार दिवस नाव माहीत नसण्यात घालवले की पान, देठ, वास सगळं लक्षात राहतं, आणि नंतर कुणा जाणत्याने नाव सांगितलं की ते कायमचं बसतं.

वेताळ टेकडीवर ग्लिरिसिडिया ह्या परदेशी झाडाची लागवड भरपूर आहे. त्याच्याखाली आणि त्याच्याबाहेरच्या मोकळ्या गवताळ भागात पावसाळ्यात काय काय उगवतं, ह्याची तुलना करून पाहा. हिरवं दिसणं आणि रान असणं ह्यातला फरक पायाखाली कळेल. टेकडीवरून खायला मात्र काही आणू नका. ती जागा सगळ्यांची आहे, माणसं खूप आहेत आणि वनस्पती थोड्या. तिथे फक्त ओळख करायची.

खाण्याबद्दल कडक बोलते, राग मानू नका. रानाशी नातं जडलं की पहिला मोह तोडून चाखायचा होतो. कळलावीचं लाल-पिवळं फूल किती सुंदर असतं, गौरीलाही वाहतात. तिच्या कंदाने माणूस मरतो. कडूकंद वाडीत खातात, पण कापा करून, राखेच्या पाण्यात उकळून, रात्रभर वाहत्या ओढ्यात टोपलीत ठेवून. ह्यातली एक पायरी चुकली की विषबाधा. पुस्तकावरून, व्हिडिओवरून, माझ्या ह्या उत्तरावरूनही काही तोडून खाऊ नका. जिने ती भाजी आयुष्यभर शिजवली आहे अशा बाईच्या हातून आधी खा. पहिल्या वेळी थोडीच खा. मूतखड्याचा त्रास असेल तर शेवळा, अळू, रानटी सुरण ह्यांपासून लांब राहा. अभयारण्याच्या हद्दीतून काही आणणं कायद्याने गुन्हा आहे, तेही लक्षात असू द्या.

ती बाई भेटेल कुठे? पावसाळ्यात कसारा-कर्जतकडच्या पहिल्या लोकलने कातकरी आणि ठाकर बायका भाज्यांच्या जुड्या घेऊन कल्याण, ठाण्याला, पार दादरपर्यंत जातात. पुण्यात मुळशी-मावळकडून येणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला फडकं पसरून बसलेल्या दिसतील. एखादी जुडी जमवायला पहाटेपासून किती चढ-उतार झाले असतील ह्याचा विचार करा आणि भाव करू नका. नाव विचारा, निवडायची कशी ते विचारा, मग पुढच्या आठवड्यात जाऊन कशी झाली ते सांगा. दर वर्षी तिच्याकडूनच घ्या. कृतज्ञता नेमकी कशी व्यक्त करायची असं तुम्ही विचारलंत. मला विचाराल तर झाडाला मिठी मारण्याआधी हे करा. रानातल्या प्रत्येक खाण्याजोग्या पानामागे कुणीतरी कधीतरी चाखून, सोसून मिळवलेलं ज्ञान आहे, आणि ते ज्यांनी सांभाळलं त्यांच्या ताटात बहुतेक वेळा आपल्यापेक्षा कमी असतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या बाकीच्या गोष्टींवरचा, त्यांचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवूनही दाखवला. पुष्कळ वाड्या अजून कागदांच्या फेऱ्यात आहेत. रानाचे आभार मानायचे आणि रानातल्या माणसाशी दोन रुपयांवरून वाद घालायचा, हे एकत्र नांदू शकत नाही.

अलीकडे कृषी विभाग ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमाराला जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे जरूर जा, बायकांना बोलतं करा. माझी एकच धास्ती आहे. मागणी वाढली की खुडण्याऐवजी उपटणं सुरू होतं, आणि भारंगी, फोडशी, चाईचा मोहर ह्या रानभाज्यांना वाढलेली मागणी कळत नाही. म्हणून घेताना मुळासकट आलेली जुडी दिसली तर ती न घेता का घेत नाही ते समजावून सांगा.

एकदा आहुप्याची देवराईही पाहून या. भीमाशंकरच्या डोंगरात, आंबेगाव तालुक्यात, आमच्या सिद्धगडाजवळच, घाटमाथ्यावर. आत शिरताना चप्पल काढायची, पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. भर दुपारी आत गारवा असतो आणि जमीन पायाला मऊ लागते, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचा पाला तिथेच कुजलाय. १९७० च्या दशकात वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ ह्यांनी सह्याद्रीतल्या अशा देवराया फिरून नोंदवल्या. त्यांत श्रीवर्धन भागातल्या गाणी गावच्या देवराईतल्या गारंबीच्या महावेलाची नोंद आहे. गुरांना साप चावला की त्याची साल न्यायला लांबून लोक यायचे. बाहेर सगळीकडून संपलेली वेल देवाच्या धाकाने एका जागी टिकली होती. आज ह्याच देवराया जीर्णोद्धाराच्या नावाने तुटताना दिसतात. देवाच्या कौलारू ठाण्याच्या जागी सिमेंटचा सभामंडप येतो, गाड्या लावायला पटांगण होतं, आणि ज्या झाडांत देव राहत होता ती जातात. तुमच्या गावालाही एखादं असं ठाणं असेल. वर्गणी मागायला कुणी आलं तर आधी विचारा, झाडं किती जाणार? मला स्वतःला देवघरापेक्षा देवराईत हात जोडणं सोपं जातं. तुमचंही तसं असेल तर त्यात वडिलांच्या देवाशी काही प्रतारणा होत नाही.

आता करटुली. आमच्याकडे कंटोळी म्हणतात. बाजारात आता लागवडीचीही येते, पण तुमचे वडील आणत ती बांधावरची, रानटी असणार. ह्या वेलीचं एक वैशिष्ट्य तुम्हाला सांगायचं म्हणून मी इतका वळसा घेतला. पावसाळा संपला की वेल वाळून नाहीशी होते, पण मरत नाही. खाली कंद असतो. उन्हाळाभर तो कोरड्या मातीत थांबतो आणि पुढच्या आषाढात त्याच जागी, त्याच कुंपणावर नवा कोंब चढवतो. कंद वर्षानुवर्षं जगतो. म्हणजे ज्या वेलीवरून वडिलांनी करटुली खुडली तिची मुलं-नातवंडं नव्हे, तीच वेल, तोच कंद बहुधा अजून गावच्या बांधात आहे.

तो शोधा. वडिलांची करटुलीची जागा कुणाला तरी माहीत असेलच. काकांना विचारा, गुरं वळणाऱ्यांना विचारा, शेजारच्या शेतातल्या बाईंना विचारा. रानमेव्याच्या जागा घरोघर गुपचूप सांभाळलेल्या असतात, पण गेलेल्या माणसाच्या मुलीला कुणी नाही म्हणणार नाही. बांध जेसीबीने सपाट झाला असेल तर शेजारची कुंपणं पाहा, तिथल्या बिया पाखरांनी इकडे-तिकडे टाकलेल्या असतात. आषाढात एकदा जाऊन नुसती वेल पाहून या, आमंत्रण देऊन या म्हणा हवं तर. श्रावणात संध्याकाळी जा. हिची फिकट पिवळी फुलं दिवस कलल्यावर उमलतात, मंद वास येतो, आणि अंधारात पतंग येऊ लागतात. तोवर बांधावर बसून राहा. त्या वेळात वडिलांशी जे बोलायचं ते बोला, किंवा काहीच बोलू नका. फळं त्या वेळी तोडायची नाहीत, सकाळी तोडायची.

सकाळी पहिल्या दिसलेल्या फळाला हात लावू नका. कोवळी, हिरवी, घरापुरती घ्या. वेलीला ओढ देऊ नका, देठ नखाने खुडा. दोन-तीन फळं पिकायला तशीच ठेवा. ती केशरी होऊन फुटतात, आतल्या लाल बिया पाखरं नेतात, आणि पुढच्या बांधावरच्या वेली तिथून येतात. घरी आल्यावर काप करून, कांदा-मिरचीवर परतून, वरून ओलं खोबरं घाला, किंवा आई करायच्या तशी करा. पहिला घास बाजूला काढून ठेवा, वडिलांचा म्हणून.

आणि एक सांभाळा. करटुलीत नरवेल वेगळा आणि मादीवेल वेगळा असतो. नरवेलावर नुसती फुलं येतात, फळ कधीच धरत नाही, म्हणून शेत साफ करताना लोक त्याला बिनकामाचा समजून उपटतात. गावी कुणाला उपटू देऊ नका. तो एखादा आसपास असला तरच बाकीच्या वेलींवर करटुली धरते.